आधी बघा, मग शहाळं

आमच्या सरांबरोबर हॉटेलात जायची सोय नव्हती. आत शिरले की ते टेबलाकडे न जाता थेट भटारखान्याकडे वळायचे. कढईत डोकावायचे, पाण्याच्या पिंपावरचं झाकण उचलायचे, कणीक मळणाऱ्याची नखं बघायचे आणि बाहेर येऊन आम्हाला एक तर "बसा" म्हणायचे, नाहीतर "उठा". विरार स्टेशनबाहेरच्या एका हॉटेलवाल्याने तर त्यांना सरकारी इन्स्पेक्टर समजून घाईघाईने कढईतलं तेल बदललं आणि फुकट भजी पुढे ठेवली. सरांनी पैसे मोजून भजी खाल्ली आणि निघताना त्याला सांगितलं, "भजी उत्तम. आता असंच तेल इन्स्पेक्टर नसताना बदलत जा."

त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर कुठून तरी येऊन हा मजकूर तपासायला घेतील आणि समासात लाल खुणा करतील अशी मला अजून भीती वाटते.

सर आमच्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल. घाटावरचे गृहस्थ, आमच्या भागात नवखे, अंगात खादीचा बुशशर्ट आणि बारा महिने हातात छत्री. कॉलेज आगाशीच्या बाजूला, एका शाळेच्या मागच्या इमारतीत नुकतंच रांगायला लागलेलं. वसई तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. मी वसईच्या एका ख्रिस्ती वाडीतली, वनस्पतिशास्त्र शिकवायला लागलेली, पहिलीच नोकरी. नोकरीच्या पहिल्या महिन्यातच मी या माणसाला शिक्षा केली, ती गोष्ट आधी सांगते.

मी फळ्यावर आकृती काढत होते. मागून कुजबुज ऐकू आली. मी न वळताच कडाडले, "शेवटच्या बाकावर कोण बोलतंय? उभे राहा!" कुणीतरी उभं राहिल्याचा आवाज झाला आणि वर्ग एकदम चिडीचूप झाला. वळून बघते तर छत्री घेऊन सर उभे! धरणीमाय पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी "सर, बसा ना" म्हणाले, तर मान हलवून नाही म्हणाले आणि तास संपेपर्यंत तसेच उभे राहिले. नंतर व्हरांड्यात मला गाठून म्हणाले, "मॅडम, शिक्षा रास्त होती. मी शेजारच्या मुलाला विचारत होतो की मॅडम आत्ता काय म्हणाल्या. तुमचा आवाज मागे पोचत नाही. माझ्यावर ओरडलात, तेवढं मात्र स्वच्छ ऐकू आलं."

अशी त्यांची तऱ्हा. कुठेही जायचे आणि शेवटच्या बाकावर बसायचे. माझ्या भावाच्या लग्नाला आले तेव्हा चर्चमध्ये, आम्ही त्याला देऊळच म्हणतो, तिथेसुद्धा शेवटच्या बाकावर बसले. मिस्सा संपल्यावर फादरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "प्रवचन आवडलं. पहिला मुद्दा पटला, तिसरा तर फारच पटला. दुसऱ्याला मात्र पुरावा कमी पडला." माझ्या आईने डोक्याला हात लावला. फादर मात्र पोट धरून हसले आणि पुढे कित्येक महिने प्रवचनाआधी सर आलेत का ते बघायचे म्हणे.

आता ज्या प्रसंगामुळे सर आमच्या पंचक्रोशीत कायमचे लक्षात राहिले, तो सांगते. त्यासाठी तात्यांची ओळख करून द्यायला हवी. तात्या म्हणजे आमच्या संस्थेचे अध्यक्ष. आगाशीकडे त्यांची मोठी वाडी, केळी, पानवेली, तीन विहिरी. माणूस दिलदार, बोलणं मोकळं, पण संस्थेच्या बाबतीत एकच तत्त्व: झाकली मूठ सव्वा लाखाची. सरांनी सूक्ष्मदर्शक मागितले की तात्या म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." पाण्याची टाकी मागितली की "पुढच्या वर्षी बघू." त्या वर्षी मात्र त्यांनी फाटकावर कमान बांधली. कमान छान होती. तिच्याखालून प्रयोगशाळेत यायचं आणि दोन जुन्या सूक्ष्मदर्शकांसमोर अख्ख्या वर्गाने रांग लावायची, असा आमचा शास्त्राचा अभ्यास चालला होता.

त्या काळी विद्यापीठ नव्या कॉलेजला एकदम कायमची संलग्नता देत नसे. दरवर्षी चौकशी समिती यायची. इमारत, प्रयोगशाळा, ग्रंथालय, शिक्षक सगळं बघायची. तिने शिफारस केली तर पुढचा वर्ग उघडायला शासनाची मंजुरी मिळायची. बाकीच्या कॉलेजांना ही समिती म्हणजे जप्तीवाले वाटत. आमच्या सरांना मात्र सासुरवाशिणीला माहेरची माणसं येणार म्हटल्यावर होतो तसा आनंद व्हायचा. मी एकदा विचारलं, "सर, तुम्हाला भीती नाही वाटत?" तर म्हणाले, "भीती कसली? ज्यांना आपलं ऐकावंच लागतं अशी माणसं वर्षातून एकदाच येतात. त्यांच्यासमोर रांगोळ्या काय काढत बसायचं?"

मी ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी आमची पहिली तुकडी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती आणि तिसऱ्या वर्षाच्या मंजुरीचा प्रश्न होता. मंजुरी मिळाली नाही तर ही मुलं अधांतरी. मुलगे कसेबसे मुंबईच्या कॉलेजात घुसले असते, पण मुली घरी बसल्या असत्या. त्यातली एक राजोडीची, मच्छीमाराघरची. आई आगाशीच्या बाजारात मासळी विकायची. पोरगी माझी लाडकी होती, हे उघडच सांगते. तिच्यासारखी आकृती काढणारं पुन्हा कुणी भेटलं नाही. तिच्या बापाने लग्नाचं बघायला सुरुवात केली होती. मी बाजारात जाऊन तिच्या आईला विनवलं, तेव्हा मासळीवर पाणी शिंपडता शिंपडता ती म्हणाली, "हितं कालेज असल तं शिकल. मुंबैला नाय धाडनार. तिचा बाप माजं ऐकतो, पन मुंबैचं नाय ऐकायचा." म्हणजे सगळं त्या समितीवर आलं. मला रात्री झोप लागेना.

समिती यायच्या आठवड्यात सर विद्यापीठाच्या कामासाठी दोन दिवस मुंबईला गेले आणि तात्यांनी सूत्रं हातात घेतली. आम्हा सगळ्यांना बोलावून म्हणाले, "माझ्या घरचं लग्न आहे असं समजा आणि कामाला लागा."

आता आमच्याकडचं लग्न म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. ज्याच्या घरी कार्य, त्याच्याकडे अख्ख्या गावाची भांडी जातात. पातेली, परात, बाकं, चटया, प्रत्येकाच्या बुडाशी मालकाचं नाव. कार्य झालं की ज्याचं त्याला परत. यात लबाडी आहे असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. उलट तुमच्याकडून काही मागितलं नाही तर तुम्ही रुसायचं. त्याच रिवाजाने कॉलेजचं कार्य निघालं. वसईच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या तपासणीच्या खोलीतला झकास सूक्ष्मदर्शक दिला. आगाशीच्या सोनाराने काचेच्या पेटीतला तराजू दिला. कामणच्या रस्त्यावरच्या औषधाच्या कारखान्यातून टेम्पोभर काचसामान आलं. ग्रंथालयात पुस्तकं कमी म्हणून आमच्या फादरांनी कपाट भरून जाडजूड ग्रंथ पाठवले. ते लॅटिनमध्ये होते, पण पाठीवर सोनेरी अक्षरं असल्यामुळे कपाट भारदस्त दिसत होतं. डॉक्टरांचा सूक्ष्मदर्शक मी स्वतः मांडीवर घेऊन टांग्यातून आणला. प्रयोगशाळा अशी नटली की मला वाटलं, झालं, पोरगी बी.एस्सी. झालीच.

आदल्या दिवशी दुपारी सर परतले. आम्ही श्वास रोखून उभे. पण सर रागावलेच नाहीत! लहान मुलाला जत्रेत सोडावं तसे टेबलाटेबलापाशी फिरले. तराजूची पेटी उघडून बघितली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, "वा! अहो, वा!" म्हणाले. मग मला विचारलं, "हे कुणाचं?" मी म्हणाले, "डॉक्टरांचं." सरांनी खिशातून खडू काढला आणि सूक्ष्मदर्शकासमोर टेबलावर ठळक लिहिलं: 'उसने. मालक: डॉक्टर.' मग तराजूसमोर: 'उसने. मालक: सोनार.' अशी सगळी प्रयोगशाळा त्यांनी लिहून काढली.

तात्या धावत आले. "प्रिन्सिपॉलसाहेब, हे काय मांडलंय? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण!" असं म्हणत त्यांनी खांद्यावरच्या उपरण्याने एक टेबल पुसलं. सरांनी ते पुन्हा लिहिलं. तात्यांनी दुसरं पुसलं. सरांनी तेही लिहिलं. आमच्या कॉलेजचे अध्यक्ष आणि प्रिन्सिपॉल असे टेबलांभोवती गोल फिरत होते आणि आम्हाला हसावं की रडावं ते कळेना. शेवटी तात्या दमून स्टुलावर बसले. म्हणाले, "समिती गेली की तुमचा राजीनामा मला पाहिजे."

"देतो की," सर म्हणाले. "आधी समितीला येऊ द्या."

मी मात्र हसले नाही. मला सरांचा भयंकर राग आला होता. यांच्या तत्त्वापायी माझी पोरगी घरी बसणार, असं मला वाटलं आणि मी तोंडावर म्हणाले, "सर, तुमचं सत्य राहील, पण मुलींचं काय?" सरांनी खडू खिशात टाकला. मग म्हणाले, "मॅडम, उद्या हा तराजू सोनाराकडे परत जाणार. परवापासून मुलींनी वजन कशावर करायचं?" माझा राग काही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी समिती आली. मुंबईचे एक वयस्क प्रोफेसर, वनस्पतिशास्त्राचेच, कडक म्हणून ख्याती असलेले, आणि शासनाचे एक अधिकारी. तात्यांनी कमानीखाली हार, गुच्छ आणि शहाळी घेऊन माणसं उभी केली होती. सर पुढे झाले आणि म्हणाले, "आधी बघा, मग शहाळं." अधिकाऱ्यांचा पुढे आलेला हात तसाच मागे गेला.

सरांनी त्यांना ऑफिसात नेलंच नाही. आधी गळका कोपरा दाखवला. मग विहिरीवरून बादलीने पाणी आणावं लागतं, ती जागा. मग मुलींसाठी जे बांधलेलंच नव्हतं, ते स्वच्छतागृह कुठे बांधायला हवं ती जागा. ग्रंथालयात प्रोफेसरांनी एक सोनेरी ग्रंथ उपसला आणि चष्मा पुसून पुन्हा बघितला. सर म्हणाले, "तो उसना आहे. फादरांचा. आमची पुस्तकं खालच्या दोन फळ्यांवर." शेवटी प्रयोगशाळा. माझी मुलं कामाला बसली होती. प्रोफेसरांनी टेबलं वाचली. एक वाचलं, दुसरं वाचलं, मग सरांकडे बघत राहिले.

"हे तुम्ही आम्हाला का सांगताय?"

"आपल्याला नाही तर कुणाला सांगू? दोन वर्षं तात्यांना सांगतोय."

तात्यांनी छताकडे बघितलं. प्रोफेसर राजोडीच्या पोरीपाशी थांबले. तिच्यासमोरच्या ताटलीत खाडीकाठच्या तिवराची पानं होती, मीच गोळा केलेली. त्यांनी विचारलं, "या पानाचं वैशिष्ट्य काय?"

"मीठ बाहेर टाकतं, सर. पान चाटलं की खारट लागतं."

"कुठून टाकतं?"

"पानावर बारीक ग्रंथी असतात. मॅडमनी शिकवलंय. पण मी बघितल्या नाहीत."

"का? शेजारी एवढा चांगला सूक्ष्मदर्शक आहे."

"तो आमचा नाही," पोरगी म्हणाली. "उसना आहे. आमच्या सूक्ष्मदर्शकातून एवढं बारीक दिसत नाही."

प्रोफेसरांनी कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या वर केल्या, पानाचा पापुद्रा स्वतः सोलला आणि डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. "ये, बघ." पोरीने डोळा लावला आणि इतक्या मोठ्याने "अय्या! हे बघा, हे बघा!" म्हणून ओरडली की तिची तीच लाजली. मग सगळा वर्ग तुटून पडला. प्रोफेसर एकेकाला दाखवत होते, प्रश्न विचारत होते, उत्तर चुकलं की टपली मारत होते. बाहेर जेवण थंड झालं. अधिकाऱ्यांनी दोनदा घड्याळ दाखवलं, प्रोफेसरांनी दोनदा दुर्लक्ष केलं. शेवटी तात्याही रांगेत येऊन उभे राहिले. डोळा लावला आणि लावलेलाच ठेवला. "हे आपल्या बांधावरचं तिवर?" त्यांनी विचारलं. "जन्मभर तोडून जाळलं की हो मी!" त्यांचा आवाज इतका मऊ झालेला मी कधी ऐकला नव्हता.

मग सगळे बसले. प्रोफेसर म्हणाले, "मी आज शिफारस करणार नाही." मला रडू फुटायच्या बेतात होतं. "अटी घालणार आहे. जूनच्या आत पूर्ण करा. मी न कळवता येईन आणि बघेन. पूर्ण असतील तर तिसरं वर्ष तुमचं." आणि ते अटी सांगू लागले, अधिकारी लिहून घेऊ लागले. सूक्ष्मदर्शक. तराजू. पुस्तकं. एवढ्यात सर मध्येच म्हणाले, "पाण्याची टाकी राहिली, सर. आणि मुलींसाठीची व्यवस्था. तीही अट घाला. छताचंही घाला." त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

तात्या माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "हा माणूस पगार आपला घेतो की त्यांचा?" पण बोलण्यात आदल्या दिवशीची धार नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांनी राजीनामा नेऊन दिला. तात्यांनी तो न उघडता परत केला. "अटी तुम्ही वाढवून घेतल्या, त्या पुऱ्या करायला मी एकटाच मरू काय? आधी निस्तरा, मग जा."

त्यानंतरचे महिने आठवले की अजून अंगात उत्साह येतो. आमच्याकडे 'कार्यात उणं निघालं' यापेक्षा मोठी नामुष्की नाही, आणि विद्यापीठाने ते लिहून दिलेलं! तात्या हट्टाला पेटले. नवी पानवेल लावायची होती ती राहू दिली आणि स्वतःच्या विहिरीवरून कॉलेजपर्यंत नळ टाकला. टाकीच्या कामावर सकाळ-संध्याकाळ उभे राहायचे. डॉक्टर आपला सूक्ष्मदर्शक दान द्यायला निघाले, तर सर ऐकेनात. "आज दिलात, उद्या तुम्हाला लागला तर? संस्थेने विकत घेतलेला असू दे." मग डॉक्टरच तात्यांना घेऊन मुंबईला गेले आणि आठ नवे सूक्ष्मदर्शक पारखून आणले. खोकी फोडली तेव्हा गवताचा आणि नव्या वार्निशाचा वास सुटला आणि आम्ही शिक्षक पोरांसारखे नाचलो.

प्रोफेसर खरंच न कळवता आले. नेमके सर त्या दिवशी ठाण्याला सरकारी कचेरीत गेलेले. मी धावत जाऊन तात्यांना वाडीतून बोलावलं. ते चिखलाचे पाय तसेच घेऊन आले. प्रोफेसरांनी उन्हात घाम पुसत विचारलं, "पाणी मिळेल का?" आणि तात्या, आमचे झाकल्या मुठीचे तात्या, हात जोडून म्हणाले, "मिळेल, साहेब. आधी बघा, मग शहाळं." एकेक गोष्ट त्यांनी स्वतः दाखवली, नळ सोडून दाखवला, आणि शेवटी प्रोफेसर निघणार तेवढ्यात म्हणाले, "या बाजूची एक खिडकी अजून नीट लागत नाही. तीही बघून घ्या, नाहीतर आमचे प्रिन्सिपॉल आल्यावर मला सोडायचे नाहीत." प्रोफेसर मनापासून हसले. शिफारस झाली. पुढे शासनाची मंजुरीही आली. तात्यांनी ती दोनदा वाचून दाखवली आणि सरांनी छत्री हवेत उडवली. ती पंख्यात अडकली. नवा पंखा वाकला, पण त्या दिवशी कुणी कुणाला बोललं नाही.

जूनमध्ये तिसरं वर्ष सुरू झालं. पहिल्याच दिवशी राजोडीची पोरगी आली ती आईला घेऊन. आईच्या डोक्यावर मासळीची पाटी. "मी बगनार," ती फाटकातूनच म्हणाली. "तिच्या बापाला मी सांगलंय, कालेज चांगलं हाय. पन मी कुटं बगलंय?"

सर पुढे झाले. समितीला दाखवलं होतं ते सगळं त्यांनी तिला दाखवलं, तेवढाच वेळ घेऊन, तितक्याच अदबीने. तिने टेबलांवरून हात फिरवला. नळाचं पाणी ओंजळीत घेऊन प्यायली. मुलींचं नवं स्वच्छतागृह आत जाऊन, कडी लावून, उघडून बघितलं. मग म्हणाली, "आनि शिकवनार कोन?"

सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. विद्यापीठाच्या समितीपुढे घाबरले नव्हते एवढी मी तिच्यापुढे घाबरले. "मी बसते," ती म्हणाली. सरांनी तिच्यासाठी वर्गात खुर्ची आणली आणि स्वतः दाराशी उभे राहिले. मी पान शिकवायला घेतलं. पान अन्न कसं बनवतं, पाणी कसं उडून जातं, मीठ कसं बाहेर पडतं. मुलं लिहीत होती. ती न हलता ऐकत होती. सगळं कळत नव्हतं तिला, पण लेकीची मान कधी खाली जाते, कधी वर येते, ते ती डोळ्यांत तेल घालून बघत होती.

तास संपला. ती उठली, बाहेर आली आणि मला म्हणाली, "उद्या काय शिकवनार हायस?"

"उद्या मूळ, मावशी."

"मंग उद्यापन धाडते," ती म्हणाली. पाटी डोक्यावर घेतली आणि बाजाराच्या वाटेला लागली. फाटकाशी वळून ओरडली, "आनि परवापन!"

पोरगी वर्गाच्या दारात उभी राहून हसत होती. मी डोळे पुसत होते. आणि आमचे सर, ज्यांनी मला कधी साधं "शाब्बास" म्हटलं नव्हतं, त्यांनी छत्री काखेत मारली आणि भर व्हरांड्यात, सगळ्या पोरांदेखत, मला खणखणीत टाळी दिली.